बुधवारची वाटणी

ही हकीकत सांगायची मी इतकी वर्षं टाळली. कुणी विचारलं नाही म्हणून नव्हे. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मला आग्रह झाला होता, "काका, मुलींच्या हॉकी लीगची सगळी घडी तुम्ही बसवलीत, त्यावर लिहा ना." मी हंबर नदीवरच्या पुलावर लेख लिहून दिला. पूल मोठा आहे, त्याच्याविषयी बरंच लिहिता येतं. लेख छापून आला, लोकांनी वाखाणला, आणि लीगचा विषय मागे पडला.

लोकांची समजूत अशी की लीगमधल्या संघांची वाटणी नकाशाने केली आणि मी फक्त रेघ ओढली. ते खरं नाही.

सुरुवात मात्र मला त्या बुधवारांपासूनच करावी लागेल, कारण आजही त्यांची आठवण आली की मी थक्क होतो. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मी नॉटिंगहॅमला रस्तेबांधणी शिकवायला आलो. पहिल्याच टर्मचं टाइमटेबल हातात पडलं तेव्हा बुधवारची दुपार कोरी होती. मला वाटलं, टायपिस्टच्या नजरेतून सुटलं असेल. मी ऑफिसात विचारायला गेलो तर बाई म्हणाल्या, "ती खेळाची."

"आपल्या डिपार्टमेंटची?"

"सगळ्यांची. देशभर असंच असतं."

मी पुण्यात शिकलो. शाळेत आमचा पी.टी.चा तास गणिताचे सर मागून घेत आणि आम्ही ते आमच्या भल्यासाठीच आहे असं मानत असू. खेळ ही अभ्यास संपल्यावर, आणि अभ्यास तर कधी संपतच नाही, अशी गोष्ट होती. इथे एका अख्ख्या देशाने आठवड्याच्या ऐन मध्यावर पुस्तक पालथं घालून ठेवलं होतं. त्या बुधवारी मी खिडकीत उभा राहिलो. खाली कोच, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या बसगाड्या, उभ्या होत्या, मुलंमुली बॅगा टाकत होती, कुणी तोंडात सँडविच धरून बुटाची नाडी बांधत होतं. लीड्समध्ये, ब्रिस्टलमध्ये, मी कधी न पाहिलेल्या गावांमध्ये या क्षणी अशाच कोच सुटत असणार, हे मनात आलं आणि मी खिडकीतून हललोच नाही.

पुढे मीही त्यात ओढला गेलो. खेळता मला कधीच आलं नाही, पण कोणत्या गावाहून कोणत्या गावाला जायला किती वेळ लागतो हे मला इतरांपेक्षा चांगलं कळत होतं. त्यामुळे आमच्या भागातल्या विद्यापीठांच्या मुलींच्या हॉकी लीगचे सामने कुठे आणि कधी, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मोबदला शून्य, चहा भरपूर. मला ते काम फार आवडायचं. घरी बसून कागदावर जुळवायचं, आणि बुधवारी त्याप्रमाणे शंभरएक माणसं खरोखर घराबाहेर पडायची. पावसात, वाऱ्यात. ती तशी पडतात याचं मला दरवेळी नवल वाटे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिटेक्निकं विद्यापीठं झाली आणि सगळं बदललं. लग्नाला दोनशे पान सांगावं आणि चारशे येऊन बसावं, तशी आमची अवस्था झाली. पॉलिटेक्निकांचे संघ आले, त्यांच्यामागून छोटी कॉलेजं आली. सगळ्यांना एका लीगमध्ये खेळवणं अशक्य होतं. वाटणी करायला हवी होती, आणि ती कशी करायची यावर लीड्सला बैठका सुरू झाल्या.

आमचा चेअरमन लीड्सचाच, निवृत्त शिक्षक, आवाजाने दांडगा आणि मनाने सरळ. जुन्या विद्यापीठांचं म्हणणं होतं की वर एक डिव्हिजन ठेवा, खाली एक. चांगले वर, बाकीचे खाली. कोण वर हे त्यांनी बोलता बोलता ठरवूनही टाकलं होतं. मी शाळेत 'ड' तुकडीत होतो. 'ड'मधल्या मुलांना खडूसुद्धा 'अ' तुकडीतून उरलेला मिळायचा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, पहिली काही वर्षं तरी गुणवत्तेवर नको, रस्त्यांवर वाटू. कुणालाच सामन्याला जायला फार वेळ लागू नये, इतकंच बघू. एक डिव्हिजन पश्चिमेची, एक पूर्वेची. मी नकाशा भिंतीवर लावला. उत्तर-दक्षिण मोटरवेच्या आजूबाजूची आणि पलीकडची गावं एका बाजूला, लिंकन, हल आणि समुद्रापर्यंतची दुसऱ्या बाजूला. ती विभागणी इतकी सहज पडली की खोलीतले लोक उठून नकाशाजवळ आले. कुणीतरी "बघा तरी," असं हळूच म्हणालं. माझ्या आयुष्यात कामाचा इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

अडचण एकच होती. पश्चिमेत एक संघ जास्त होत होता. दोघांपैकी एकाला पूर्वेत जावं लागणार होतं. एक होतं नुकतंच विद्यापीठ झालेलं मोठं पॉलिटेक्निक, मोटरवेला लागून, स्वतःची कोच असलेलं. दुसरं होतं डर्बीशरच्या डोंगरउतारावरचं शिक्षकांचं छोटं ट्रेनिंग कॉलेज. त्यांच्याकडे एक मिनीबस होती आणि ती संघाची कॅप्टनच चालवायची. शहाण्या माणसाने काय ठरवावं यात काही शंका नव्हती. बैठकीआधीच बहुतेकांचं मत झालं होतं: पॉलिटेक्निक पूर्वेत.

त्या छोट्या कॉलेजची कॅप्टन माझ्या ओळखीची होती. ओळखीची म्हणणंही चूकच. आम्ही नवीन आलो तेव्हा तिचे वडील नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. तिच्या आईला आम्ही वहिनी म्हणत असू. आमचं भाड्याचं घर मिळेपर्यंत आम्ही त्यांच्याकडेच जेवलो. ही तेव्हा प्रायमरीत. ती मला काका म्हणायची आणि मी दर बुधवारी तिला शाळेतून घेऊन थेट मैदानावर जायचो, कारण वहिनींची तेव्हा कामाची वेळ असे. हॉकी तिने पहिल्यांदा माझ्या शेजारी उभं राहून, माझ्या मफलरमध्ये तोंड खुपसून पाहिली. मराठी ती भरभरून बोलायची, फक्त लिंगं सगळी उलटीसुलटी. 'माझा पुस्तक', 'तो खुर्ची'. मी सुधारायचो आणि ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघायची, म्हणजे, हे तुम्ही आत्ताच बनवलंत ना.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"काका, आम्हाला वेस्टमध्येच ठेवा हं. ईस्टमध्ये टाकलं तर आमचा टीम संपला."

"संपली," मी म्हणालो. "टीम ती."

"ती का? त्यात बॉइज असले तरी ती?"

"तरी ती."

"ओके. संपली. सीरियसली काका. सगळ्या मुली टीचिंग प्रॅक्टिसला असतात. दुपारी स्कूलमधून सुटणार कधी, हलला पोहोचणार कधी? मिनीबस संध्याकाळी परत द्यावा लागतो."

"द्यावी लागते."

"तुम्ही ऐकताय का नुसतं ग्रामर करताय?"

मी हसलो. म्हणालो, काळजी करू नकोस, नकाशाच तुमच्या बाजूने आहे.

बैठकीत नव्या कॉलेजांच्या कॅप्टननाही बोलावलं होतं. ती फार चांगलं बोलली. थोडक्यात, आवाज न चढवता. शेवटी तिने माझ्याकडे हात केला आणि इंग्रजीत म्हणाली, "रस्त्यांचं माझे अंकल सांगतीलच, त्यांनी जन्मभर तेच शिकवलंय."

खोलीत हशा पिकला. चेअरमनने टेबलावर थाप मारली. पीएच.डी.मुळे तो मला डॉक्टरच म्हणायचा. "काय हे डॉक्टर! तुमच्या पुतणीचा संघ आहे हे आधी नाही सांगितलंत."

पॉलिटेक्निकचा प्रतिनिधी मागे रेलून बसला आणि हाताची घडी घालून म्हणाला, "मग निकाल लागलाच म्हणायचा. आमची कोच हलच्या बाजूला वळवून ठेवतो."

तोही हसतच म्हणाला. त्या देशात अशी चेष्टा केली की विषय संपतो. पण माझ्या कानात एकच शब्द वाजला: वशिला. माझे वडील एका शाळेत कारकून होते. प्रवेशाच्या दिवसांत नातेवाईक घरी आले की ते मागच्या दाराने निघून जात. आमच्या घरात वशिला हा शब्द शिवीसारखा उच्चारला जायचा. मी परदेशात, परक्या माणसांत, इतक्या वर्षांनी जरा विश्वासाने बसलो होतो, आणि आता सगळे माझ्याकडे बघत होते. 'आमच्यात बापाच्या मित्रालाही काका म्हणतात,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. लोक पुन्हा हसले असते आणि चहा आला असता.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ही मुलगी माझ्या नात्यातली नाही."

इंग्रजीत ते वाक्य शंभर टक्के खरं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. लहानपणी मी तिची चूक दाखवल्यावर ती जसे डोळे बारीक करायची, तसेच केले. जणू काका हा शब्द तिने आजवर चुकीचा वापरला होता आणि ते तिला आत्ता कळलं होतं.

"बरं, मग तुम्हीच निकाल द्या," चेअरमन म्हणाला. "रस्ते तुमचे."

मी तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नातं नाही म्हटल्यावर ते सिद्धही करायला हवं, असं मला वाटलं. मी नकाशाजवळ गेलो. म्हणालो, डोंगरातले घाटरस्ते हिवाळ्यात बर्फाने बंद पडतात. पश्चिमेचे सामने बुडत राहतील. पूर्वेकडचा मुलूख सपाट आहे, तेव्हा या छोट्या कॉलेजने पूर्वेत खेळावं हेच त्यांच्या हिताचं.

ते खोटं होतं. त्या घाटांवरून तिच्या संघाला एकाही सामन्याला जावं लागणार नव्हतं. पश्चिमेच्या डिव्हिजनमधली सगळी गावं तिला खोऱ्यातल्या खालच्या रस्त्याने गाठता आली असती, आणि तो रस्ता बर्फातही उघडा असे. त्या खोलीत हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तिला. ती रोज त्याच रस्त्याने मिनीबस चालवायची.

चेअरमनने तिला सरळ विचारलंसुद्धा, "तुम्हाला काही म्हणायचंय?" तिने नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मी नातं तोडून मोकळा झालो होतो, आणि ती चारचौघांत काकांना खोटं पाडायला तयार नव्हती. एवढ्याशा मुलीने हे कुठून आणलं, हा प्रश्न मला आजही पडतो.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिने कढईखालचा गॅस बारीक केला.

"म्हणजे तुम्ही तिला मुद्दाम लांब टाकलंत."

"यजमानाच्या घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. आपली रीतच आहे ती."

"हो, पण त्यांना जेवायला मिळतं." मग कढई उतरवत ती म्हणाली, "आणि यजमान 'ही आमची कोणी नाहीत' असं सांगत फिरत नाही."

त्या दिवाळीत वहिनींकडून चकल्या आल्या, नेहमीसारख्या. मुलीने घरी काही सांगितलं नव्हतं, हे त्यावरून समजलं. त्या चकल्या मी खाल्ल्या नाहीत. बायकोने खाल्ल्या आणि "छान झाल्यात" असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

मला खात्री होती की त्यांचे पहिले एक-दोन सामने बुडतील, मग तक्रार येईल, मग मी गुपचूप काहीतरी करून त्यांना परत पश्चिमेत आणीन. पण एकही सामना बुडाला नाही. निकालांची खबर माझ्याकडेच यायची. लिंकन, हरल्या. ग्रिम्सबी, हरल्या. पण गेल्या होत्या. मला ते खरं वाटेना. हिवाळ्यातल्या एका बुधवारी मी कुणालाही न सांगता गाडी काढली आणि हलला गेलो.

हंबरचा पूल मी पूर्वी अनेकदा पाहिला होता, विद्यार्थ्यांना दाखवला होता. त्या दिवशी धुकं असं होतं की पुलाचा मधला भाग होता की नव्हता सांगता येत नव्हतं. दोन्ही मनोरे वर कुठेतरी हरवले होते आणि रस्ता नुसता पांढऱ्यात जात होता. याच पुलावरून, तास-दोन तास शाळेतली पोरं सांभाळून आलेली एक मुलगी इतरांना घेऊन येणार होती, कारण मी तसं म्हटलं होतं.

मैदानावर यजमान संघ आणि पंच उड्या मारत अंग गरम करत होते. मिनीबस उशिरा आली. मुली गाडीतच कपडे बदलून उतरल्या. अकरा नव्हत्या, नऊच होत्या. दोघींना शाळेने सोडलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पंच म्हणाले, धुकं फार आहे, सामना रद्द करायचा का? ती म्हणाली, "आम्ही आलोय." यजमान मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काठ्या उचलल्या.

मी कुंपणाबाहेर, झाडाशी उभा राहिलो. अर्ध्या मैदानापलीकडचं काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू यायचं. काठीवर चेंडू बसल्याचा आवाज, धावणारी पावलं. आणि मग पलीकडच्या पांढऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "डावा बाजू!"

मला भास झाला असं वाटलं.

"डावा बाजू! डावा, डावा! थांब! आता पुढे!"

आवाज तिचा नव्हता. अस्सल डर्बीशरचा होता, आणि त्यामागोमाग सोनेरी केसांची एक उंच मुलगी धुक्यातून धावत आली. तिला दुसरीने उत्तर दिलं, "उजवा!" आणि चेंडू खरोखर उजवीकडून बाहेर आला. कॅप्टनने सगळ्या संघाला मराठी शिकवली होती. दिसत नसेल तेव्हा एकमेकींना हाक मारायची, आणि विरुद्ध बाजूला कळता कामा नये. नऊच्या नऊ मुली, त्यांपैकी आठ इंग्रज, हलच्या धुक्यात मराठीत ओरडत होत्या, आणि त्यातलं एक लिंग धड नव्हतं. मी झाडाला हात टेकला. नकाशावर रेघ ओढणं मला जमत होतं. हे काय होतं, याला माझ्याकडे शब्द नव्हता. माझ्या भाषेतून मी जिला बाहेर काढलं होतं, ती तीच भाषा घेऊन त्या पांढऱ्यात रस्ता काढत होती. आणि बाकीच्या तिच्या मागे निर्धास्त धावत होत्या.

त्या हरल्या. बऱ्याच गोलांनी. सामना संपल्यावर यजमान मुलींनी दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवल्या, जिंकलेल्या संघाने हरलेल्यासाठी तशा वाजवलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. ती मिनीबसकडे निघाली तेव्हा मी पुढे व्हायला हवं होतं. मी झाडामागेच राहिलो. तिला गाडी वेळेत परत द्यायची होती, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या वर्षीचे सगळे सामने त्या खेळल्या. शेवटचा क्रमांक आला. ती पास होऊन गेली, आणि पुढल्या वर्षी त्या कॉलेजमध्ये संघासाठी मुलीच मिळाल्या नाहीत. आदल्या वर्षीच्या प्रवासाच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या होत्या. संघ बंद झाला तो परत उभा राहिला नाही. बैठकीत चेअरमन म्हणाला, "चला, विषम आकड्याची भानगड आपोआप मिटली." मग माझ्याकडे वळून, "डॉक्टर, तुमची वाटणी एकदम चोख निघाली." लोकांनी मान डोलावली. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी आभार मानले.

त्यानंतरच्या वर्षांत तिची खबर वहिनींकडून कळायची. ब्रिस्टलला शाळेत खेळांची शिक्षिका झाली, मुलींचा संघ बांधला, लग्न झालं. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा ती संक्रांतीला आईकडे आली होती आणि मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमाला आली. चर्चचा हॉल भाड्याने घेतला होता. ती आली हे मी दारातूनच पाहिलं आणि ठरवलं की आज बोलायचंच. दिवसही तोच, राग-रुसवे विसरा असं एकमेकांना सांगायचा.

वाक्य मी गाडीत म्हणून पाहिलं होतं. इंग्रजीत सॉरी मी दिवसातून कितीदा म्हणतो, धक्का मला लागला तरी मीच म्हणतो. तिच्याशी ते चालणार नव्हतं. 'माफ कर' नाटकातलं वाटत होतं. शेवटी साधं सापडलं, आपल्या घरात म्हणतात तेच: चुकलं माझं. पण ते मी लहान माणसाला म्हटलेलं मला आठवेना. माझ्या वडिलांनी मला कधी म्हटलं नाही.

ती तिळगुळाची वाटी घेऊन आली. "काका, कशी आहे तब्येत?" लिंग बरोबर होतं. माझ्या ते लक्षात आलं आणि का कोण जाणे, वाईट वाटलं.

"बरी आहे. तू?" मी म्हणालो. "अगं, मला तुला एक—"

तेवढ्यात ती वाकली. हॉलच्या लाकडी फरशीवर, लोकांच्या गर्दीत, नीट दोन्ही हात माझ्या पायांना लावून. कुणी नमस्कार केला की हात आपोआप डोक्यावर जातो, तसा माझा गेला. आणि तोंडातून आलं ते वर्षानुवर्षं सवयीने येतं तेच.

"सुखी राहा."

ती उठली, हसली. माझ्या तळहातावर तिळाची वडी ठेवली. "गोड बोला," म्हणाली, आणि रांगेतल्या पुढच्या काकांकडे गेली. मी तिथेच उभा होतो. आशीर्वाद देऊन झाल्यावर 'चुकलं माझं' कसं म्हणतात, हे मला माहीत नव्हतं.